दोन हातांचा कुत्रा

तिने त्रेचाळीस नंबरचा कागद बेचाळीसवर बसवला, काचेखालचा दिवा लावला, आणि कुत्र्याचा पुढचा पंजा पाहताच तिचा हात थबकला.

पंजाला खाच होती. दोन बोटांच्या मधे पेन्सिलीने ओढलेला इवलासा बाक, नखाच्या कोरीएवढा. दुसऱ्या कुणाच्या नजरेला तो पडला नसता, आणि पडला असता तरी त्यात वावगं काय ते कळलं नसतं. पण ती दहा वर्षं या स्टुडिओत तपासनीस होती. इथला बोका आणि इथला कुत्रा कुठे फुगतात, कुठे आक्रसतात, रागावल्यावर आधी कान हलवतात की शेपूट, हे तिला घरच्या माणसांपेक्षा जास्त ठाऊक होतं. अशी खाच बोक्याच्या पंजाला असे. कुत्र्याचा पंजा साधा, गोल, उशीसारखा.

तिने चव्वेचाळीस नंबर बसवला. खाच नाही. पंचेचाळीसला होती. शेहेचाळीस, सत्तेचाळीस, दोन्हींना होती. अठ्ठेचाळीसला पुन्हा नाही.

पाणी कुठेतरी मुरत होतं.

सकाळी पडद्यावर जे दिसलं होतं, त्याचं मूळ तिला आता सापडल्यासारखं वाटलं. प्रत्येक प्रसंग रंगवायला जाण्याआधी त्याच्या पेन्सिलीच्या चित्रांची चाचणी घेत, ती आज होती. आठ मिनिटांचा कार्टूनपट. एका घरातले बोका आणि कुत्रा खिडकीजवळच्या गादीवरून भांडतात आणि संध्याकाळपर्यंत घराची पार धूळधाण करतात, एवढीच गोष्ट. मधे एका जागी कुत्रा हरतो, दारात जाऊन बसतो आणि रुसतो. तिथे त्याने अगदी स्तब्ध बसायचं होतं. त्याच्या त्या स्तब्धपणावरच लोक हसणार होते. पण पडद्यावर तो थरथरत होता. पाठीची रेघ, कानाची रेघ, सगळं अंग आतून कुणी हलवावं तसं.

दिग्दर्शकांनी, म्हणजे साहेबांनी, दिवे लावायला सांगितले.

"याला थंडी वाजतेय का?" त्यांनी विचारलं.

कुणी हसलं नाही. मग साहेबांनी आवाज न चढवता जे सांगितलं, ते आवाज चढवून सांगितलं असतं तर बरं, असं सगळ्यांना वाटलं. चित्रपट द्यायला तीन आठवडे उरले आहेत, साबणावरून घसरण्याचा मोठा प्रसंग अजून काढायचा आहे, आणि महिनाभर हे असलं काम येतंय. दोष कुणाचा हे शुक्रवारपर्यंत कळलं पाहिजे. ज्याचा असेल त्याने घरी बसावं. आणि नाव ताईंनी द्यावं, कारण प्रत्येक कागद त्यांच्या हातून जातो.

ताई म्हणजे तीच. वयाने मोठे असलेलेही तिला ताईच म्हणत. संशय घेण्याचाच पगार मिळत असल्यामुळे ती ते काम मन लावून करी. तिचा नवरा म्हणायचा, घरी आल्यावर तरी माझ्याकडे काचेवर ठेवल्यासारखं पाहू नकोस.

तिने मान वर करून मोठ्या खोलीत पाहिलं.

खोलीच्या टोकाला दोन मेजं समोरासमोर होती. एका मेजावर बोका जन्माला येई, दुसऱ्यावर कुत्रा. गेली कित्येक वर्षं बोका एकानेच काढायचा आणि कुत्रा दुसऱ्याने, असा रिवाज पडला होता, आणि त्यामुळे एकाला सगळे बोकेवाले म्हणत, दुसऱ्याला कुत्रेवाले. दोघंही साठीला टेकलेले. मेजं समोरासमोर असायचं कारण एवढंच की, भांडताना त्या दोन जनावरांच्या नजरा एकमेकांत बरोबर अडकल्या पाहिजेत. त्या अडकत. माणसांच्या मात्र अडकत नसत. अकरा वर्षांत ते दोघे एकमेकांशी एक अक्षर बोलले नव्हते. बोलायचं झालंच तर ताईंच्या मार्फत.

"त्यांना सांगा, बोक्याने उडीला आठ कागद खाल्लेत. कुत्र्याला वळायला जागा उरत नाही."

मधे अंतर दोन मेजांच्या रुंदीचं. ऐकणाऱ्याला सगळं स्वच्छ ऐकू गेलेलं. तरी ताईंनी मान वळवून सांगायचं, आणि मग पलीकडून यायचं, की त्यांना सांगा, कुत्र्याने जरा लवकर वळावं, खाऊन खाऊन सुस्तावलाय तो.

आता बोकेवाले मान खाली घालून काम करत होते. त्यांची पेन्सिल कागदावर न अडखळता सरकत होती. कुत्रेवाले खिडकीतून बाहेर बघत बसले होते, दोन्ही हात कोटाच्या खिशात.

तिने आधी कुत्रेवाल्यांनाच विचारलं. त्यांनी मान न वळवता सांगितलं, की माझ्या मेजावरून कागद जातात तेव्हा ठीक असतात, पुढचं मला माहीत नाही. ते खाचेबद्दल काही बोलले नाहीत, आणि तिनेही काढलं नाही. पण बोलताना त्यांनी नजर दिली नाही, हे तिने मनात टिपून ठेवलं. मग तिला कॅमेरावाल्याचाही संशय आला. त्याच्याकडे कागद रात्रभर राहतात. मग रंगवणाऱ्या बायकांतल्या एकीचा, कारण ती हल्ली फार गोड बोलत होती. एका दिवसात तिने तीन माणसं मनातल्या मनात घरी बसवली आणि परत कामावर घेतली. शेवटी उरली ती खाच. ती खाच दुसऱ्या कुणाची असणं शक्य नव्हतं.

कॅमेरावाला गप्पिष्ट होता. त्याला नुसतं विचारायचा अवकाश, की तो सुरू. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने सहज म्हणून विषय काढला. तिला ठाऊक होतं ते एवढंच, की दोघांचं पटत नाही. तिला वाटे, एखाद्या प्रसंगाच्या श्रेयावरून झालं असेल.

कॅमेरावाल्याने डबा बाजूला सारला. ते दोघे मेहुणे आहेत, तो म्हणाला. बोकेवाल्यांची बायको ही कुत्रेवाल्यांची धाकटी बहीण. आधी हे दोघे जिवलग मित्र, एकाच डब्यातून खाणारे, आणि मित्राला बहीण द्यायला कुत्रेवाल्यांनीच घरी भांडून होकार मिळवलेला. पुढे ती आजारी पडली. वर्षभर अंथरुणाला होती. ज्या दुपारी ती गेली, त्या दुपारी बोकेवाले इथे, याच मेजावर होते. बोका आरशात स्वतःला बघून दचकतो तो प्रसंग काढत होते. निरोप आला तेव्हा म्हणाले, एवढे चार कागद संपवून निघतो. आणि खरंच संपवून निघाले.

"तो प्रसंग लोकांना फार आवडला," कॅमेरावाला म्हणाला. "थेटरात शिट्ट्या पडायच्या. कुत्रेवाले त्या दिवसापासून बोलले नाहीत."

"आणि बोकेवाले?"

"ते काय बोलणार? बोलायला तोंड हवं ना."

तिने पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. एका माणसाने दुसऱ्याचा अकरा वर्षं राग केला, की त्या दुसऱ्याच्या मनातही काहीतरी साचत असणार, हे तिला उघड दिसत होतं. शिवाय या चित्रपटानंतर दोनच्या जागी एकच चित्रकार ठेवतील, अशी कुजबुज होतीच. कुत्र्याचे अधलेमधले कागद बिघडवायचे, म्हणजे दोन हातांच्या रेघा एकमेकींत मिसळून पडद्यावर नाचतील, आणि नाव कुत्रेवाल्यांचं जाईल. चोर सापडला होता. आता फक्त हात धरायचा बाकी होता.

गुरुवारी ती सकाळी सातला आली. कामाची वेळ नऊची. कागदावरची चित्रं ज्यांवर उतरवून रंगवत, ते पारदर्शक पत्रे वाळत घालायची लाकडी मांडणी खोलीच्या मधोमध होती, तिच्यामागे ती स्टूल घेऊन बसली. पत्र्यांवर बोक्याचे अर्धवट रंगवलेले तुकडे होते, कुठे नुसती मिशी, कुठे नुसता डोळा. त्यांच्या फटीतून तिला दोन्ही मेजं दिसत होती.

सात वाजून वीस मिनिटांनी दार वाजलं. बोकेवाले आत आले. त्यांनी आपल्या मेजावर पिशवी ठेवली, पण ते तिथे बसले नाहीत. पलीकडे जाऊन कुत्रेवाल्यांच्या स्टुलावर बसले. आदल्या संध्याकाळचा गठ्ठा त्यांनी पुढे ओढला, दिवा लावला, आणि खिशातून खोडरबर काढून पहिल्या कागदावर घासू लागले. मनापासून घासत होते. मधूनच फुंकर मारून कागदावरचा भुगा उडवत. मग पेन्सिल. मग दुसरा कागद. स्वतःचंच मेज असल्यासारखं, इतक्या निवांतपणे, की तिची कानशिलं तापली.

ती मांडणीमागून उठली नाही. साहेब यायची वाट पाहिली, आणि ते येताच आत जाऊन जे पाहिलं ते सांगितलं. खाचेचं सांगितलं, खोडरबराचं सांगितलं. डोळ्यांनी पाहिल्यावर आणखी कागद तपासायची गरज तिला वाटली नाही.

शुक्रवारी सकाळी साहेबांनी दोघांना खोलीत बोलावलं. ताईंनाही. साहेबांनी फार वळसे घेतले नाहीत. कुत्र्याच्या कागदांना तुम्ही हात लावता असं कळलंय, हे खरं का, असं त्यांनी बोकेवाल्यांना विचारलं.

बोकेवाल्यांनी आधी ताईंकडे पाहिलं. रागाने नव्हे, तिने एखादा कागद परत पाठवला की पाहत, तसं. मग त्यांची नजर मेहुण्याकडे गेली. कुत्रेवाले दाराला पाठ लावून उभे होते, हात खिशात. त्यांचा चेहरा भिंतीसारखा होता.

"खरं आहे," बोकेवाले म्हणाले.

"का?"

बोकेवाले जरा थांबले. कारण त्यांनी तयार ठेवलं नव्हतं, हे तिच्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

"कुत्र्याला जास्त हसतात लोक," ते म्हणाले. "डोळ्यांत खुपलं."

साहेबांनी हातातलं पेन मेजावर आडवं ठेवलं. उद्यापासून येऊ नका, ते म्हणाले. आणि मग, जणू जागा पुसून घ्यावी तसं, कुत्रेवाल्यांकडे वळून सांगितलं, की उरलेला चित्रपट तुम्हीच पुरा करायचा, बोका आणि कुत्रा दोन्ही.

कुत्रेवाल्यांनी तोंड उघडलं. मिटलं. बोकेवाले त्यांच्या बाजूने दाराबाहेर पडले तेव्हा त्यांनी अंग चोरून वाट दिली, एवढंच.

आपण बरोबर ठरलो, याचं समाधान तिला दुपारपर्यंत पुरलं.

दुपारी तिने बिघडवलेले कागद गोळा करायला घेतले. खोडलेल्या रेघा मुळात कशा होत्या ते कळलं, तर त्या तशाच पुन्हा ओढता येतील, असा तिचा विचार होता. पेन्सिल खोडली तरी कागदावर तिचा दाब राहतो. ती त्रेचाळीस नंबर घेऊन खिडकीशी गेली आणि उजेडात तिरपा धरला.

नव्या रेघेखाली जुनी रेघ होती. सगळी आकृती तीच: तीच मान, तोच रुसवा, पाठीला तोच बाक. फक्त ती रेघ सरळ चालत नव्हती. मुंग्यांची वाट जशी बारीक बारीक वळत जाते तशी ती कानापासून शेपटीपर्यंत थरथरत गेली होती. एका ठिकाणी पेन्सिल इतकी जोरात दाबली होती, की कागद फाटायचाच राहिला होता. हात स्थिर करायला माणूस दाबेल तशी.

तिने पंचेचाळीस तिरपा धरला. तेच. सत्तेचाळीस. तेच. मग ज्यांना खाच नव्हती, कुणाचा हात लागला नव्हता, ते चव्वेचाळीस आणि अठ्ठेचाळीस तिने भिंगाखाली घेतले. तिथे ती थरथर उघडी होती. सुटा कागद पाहिला तर कळत नव्हती, पण शेजारच्या कागदावर ठेवून पाहिलं की नाचत होती. दोष हात लागलेल्या कागदांत नव्हता. जे हाताखालून सुटले होते, त्यांत होता.

तिने पाचही कागद एकत्र केले. मग कागद घेऊन साहेबांच्या दाराशी गेली, दार वाजवायला हात उचलला, आणि तसाच खाली घेतला. बोकेवाल्यांचं नाव पुसायचं तर तिथे दुसरं नाव लिहावं लागणार होतं. इकडे आड, तिकडे विहीर. दहा वर्षांत तिने शेकडो चुका दाखवल्या होत्या. केलेली चूक परत कशी घ्यायची हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

ती कुत्रेवाल्यांच्या मेजाशी गेली. त्यांच्यापुढे कोरा कागद होता. समोरचं मेज रिकामं, दिवा विझलेला.

"बोका कसा काढतात, ताई?" त्यांनी विचारलं. थट्टेने विचारल्यासारखं वाटत नव्हतं.

तिने त्रेचाळीस नंबर त्यांच्यासमोर तिरपा धरला. त्यांनी कागदाकडे पाहिलंच नाही.

"दिसलं तुम्हाला," ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. माझी रेघ मला ओळखू येणार नाही?"

"मग बोलला का नाहीत? सकाळी साहेबांसमोर तरी..."

"बोललो असतो तर आभार मानावे लागले असते." ते थांबले. "त्याचे."

त्यांनी उजवा हात खिशातून काढला आणि मेजावर ठेवला. हात थरथरत होता. फार नाही, पण थांबतही नव्हता. तिसऱ्याच कुणा माणसाकडे पाहावं तसं दोघं त्याच्याकडे पाहत राहिले. खोलीत रंगवणाऱ्या बायकांची कुजबुज चालू होती. कुत्रेवाल्यांनी हात परत खिशात घातला आणि उठले.

"हा गठ्ठा घ्या तुम्ही," ते म्हणाले. "माझ्या हातून सांडेल."

कुठे जायचं ते तिने विचारलं नाही. रस्त्यावर ऊन उतरलं होतं, दुकानांच्या फळ्या खाली येत होत्या. कुत्रेवाले भराभर चालत होते, आणि थोड्या थोड्या वेळाने काहीतरी सांगत होते, तिला नव्हे, पुढच्या रस्त्याला. उद्या साहेबांना मी स्वतः सांगणार आहे, हात गेला म्हणून. लपवून काय, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं थोडंच. सहा महिने झाले. आधी सकाळी बटण लावताना व्हायचं, मग चमचा धरताना. पेन्सिल धरताना सुरू झालं तेव्हा समोरच्या मेजावरून कुणीतरी बघितलं, हे त्यांना कळलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कागद दुरुस्त झालेले होते. आपण काही म्हटलं नाही. संध्याकाळी गठ्ठा मेजावर ठेवून जायचं आणि सकाळी पाहायचं नाही, असं चाललं.

एका वळणावर ते थांबले.

"ती गेली त्या दुपारी मीही कामावर होतो," ते म्हणाले. "मलाही निरोप त्याच्याबरोबरच आला. मी लगेच उठलो, तो चार कागदांनी उशिरा उठला. पोचलो दोघेही उशिराच." मग चालू लागताना: "हे कुणी धरत नाही. मीही धरलं नाही."

गठ्ठा तिने छातीशी घट्ट धरला.

तीन मजले चढून ते एका दारापुढे उभे राहिले. कुत्रेवाल्यांनी बेल दाबली. आत काही वाजलं नाही. पुन्हा दाबली. मग तिला दिसलं, की बेलच्या खाली एक कागदाची पट्टी चिकटवलेली आहे, पिवळी पडलेली: बेल बंद आहे, दार वाजवा. अक्षर बाईचं होतं. कुत्रेवाले ते वाचत राहिले. एवढ्या पाच शब्दांना लागतो त्याहून जास्त वेळ.

शेवटी दार तिनेच वाजवलं.

बोकेवाल्यांनी दार उघडलं. अंगात घरचा सदरा, हातात ओलं फडकं. त्यांनी मेहुण्याकडे पाहिलं, मग मागे उभ्या असलेल्या ताईंकडे, मग तिच्या हातातल्या गठ्ठ्याकडे.

"बेल वाजत नाही तुझी," कुत्रेवाले म्हणाले.

"माहीत आहे."

अकरा वर्षांनी दोघांचं बोलणं झालं ते एवढं. बोकेवाले दारातून बाजूला झाले. आत दोनच खोल्या. स्वयंपाकघर मोठं, फरशी नुकतीच पुसलेली, बादली कोपऱ्यात. दोन खुर्च्यांपैकी एक मोकळी होती, दुसरीवर कागदांचा ढीग. बोकेवाल्यांनी तो ढीग उचलून जमिनीवर ठेवला.

तिला वाटलं, आपण आधी बोलायला हवं. तिने बोलायला सुरुवात केली, की माझं चुकलं, मी कागद न तपासताच...

"तुमचं काही चुकलं नाही, ताई," बोकेवाले म्हणाले. "हात मीच लावला होता."

त्यांनी हे तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं नव्हतं. तपासनिसाला खरं ते सांगावं, तसं सांगितलं होतं. तिला त्याने जास्तच लागलं. ती दाराशीच उभी राहिली.

कुत्रेवाले बसले नाहीत. उद्यापासून तू कामावर ये, ते म्हणाले. मी साहेबांना सगळं सांगतो आणि घरी बसतो. बोकेवाल्यांनी फडकं बादलीच्या काठावर पिळलं.

"आणि कुत्रा कोण काढणार?"

"तूच काढतोयस महिनाभर."

"मी नुसत्या रेघा घासूनपुसून घेतो," बोकेवाले म्हणाले. "त्याचा रुसवा तुझा असतो. त्याचं पडणं तुझं असतं. साबणाचा प्रसंग तू नुसता सांगितलास, लिहून दिलास, तरी मला नाही जमायचा. मी बसलो होतो आत्ता दुपारी. हे बघ."

जमिनीवरच्या ढिगातून त्यांनी पाच-सहा कागद काढून टेबलावर पसरले. कामावरून काढून टाकलेला माणूस घरी येऊन तेच काम करत बसला होता. ताईंनीही मान पुढे करून पाहिलं. रेघ सुरेख होती, एकही डाग नाही. पण कुत्रा साबणावरून असा पडत होता जणू कपाटावरून पोतं पडावं.

कुत्रेवाल्यांनी कागद पाहिले, आणि त्यांच्या नाकातून आवाज निघाला.

"हा कुत्रा पडतोय? ह्याला ढकललाय कुणीतरी. तो ऐटीत येतो. गादी मिळाली म्हणून ऐटीत. त्याला आपण घसरतोय हे शेवटपर्यंत मान्यच नाही. तो तीन हप्त्यांत पडतो. आधी मागचे पाय जातात, तेव्हा तो दुसरीकडे बघतो, काही झालंच नाही असं. मग अब्रू जाते. पुढचे पाय सगळ्यात शेवटी."

"तेच. मागचे पाय जाताना मान कुठे असते?"

"वर."

"किती वर?"

कुत्रेवाले सांगायला गेले आणि अडले. त्यांनी हवेत हात उचलला, पण तो थरथरायला लागला तसा खाली घेतला. मग त्यांनी कोट काढला. खुर्च्यांकडे न बघता तो ताईंच्या हातातल्या गठ्ठ्यावर ठेवला. दारापर्यंत मागे गेले. मान वर करून, छाती काढून, डुलत डुलत ओल्या फरशीवरून चालत आले. साठीचा माणूस, पायात मोजे. मधोमध आल्यावर त्यांचे पाय पुढे सरकले. चेहरा खिडकीकडे वळला, शांत, किंचित तुच्छतेने भरलेला, जणू खाली जे चाललंय त्याच्याशी आपला संबंध नाही. कंबर खाली गेली. चेहरा तसाच राहिला. मग त्या चेहऱ्याला कळलं. आणि मग ते सबंध, हातापायांसकट, धप्पकन फरशीवर आले आणि बादलीपर्यंत घसरत गेले.

ताईंच्या तोंडून हसू फुटलं. दहा वर्षं ती हे पडणं एकेक कागद करून पाहत आली होती. त्यात हसण्यासारखं काय असतं ते तिला आज दिसलं. लगेच तिने हात तोंडावर नेला, कारण कुत्रेवाले उठत नव्हते. ते पाठीवर पडले होते, डोळे छताकडे, श्वास जोराने चाललेला. गठ्ठा खाली ठेवून त्यांना उठवायला धावावं म्हणून ती पुढे झाली.

बोकेवाल्यांनी हाताने तिला थांबवलं. ते टेबलावर वाकले होते, पेन्सिल झरझर चालत होती. जमिनीवरच्या माणसाने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ नुसता पेन्सिलीचा आवाज होता.

बोकेवाल्यांनी कागद हातभर लांब धरून पाहिला, आणि वर न बघता म्हणाले,

"पुन्हा एकदा पड. शेपूट दिसली नाही."